मोटारीचा इशारा वाचताना

मोटारीत पूर्वी दिवे लागत. तेलाचा दिवा, बॅटरीचा दिवा, हँडब्रेकचा दिवा. दिव्याला व्याकरण नसते. तो लागला की गॅरेज गाठायचे, एवढे पुरत असे. आता काट्यांच्या जागी पडदा आला आहे आणि त्या पडद्यावर वाक्ये उमटतात. 'फ्रंट कॅमेरा टेंपररिली अनअव्हेलेबल', 'रडार ब्लॉक्ड', 'लेन कीप असिस्ट लिमिटेड', 'चेक ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टिम'. आमच्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये गेल्या दोन-तीन वर्षांत अशा चार गाड्या आल्या, त्यांतली एक माझी. परिभाषेवर माझे थोडे काम असल्यामुळे सहकारी मोबाइलवर पडद्याचे फोटो काढून आणतात आणि विचारतात, "मॅडम, याचा अर्थ काय?" प्रश्न यंत्राचा असला तरी पहिली पायरी वाचण्याची असते. म्हणून भाषेच्या या वार्षिकात हा विषय मांडायला मला संकोच वाटत नाही.

'ॲडास' या नावाने ओळखली जाणारी ही प्रणाली म्हणजे चालकाला साहाय्य करणारी यंत्रणा. भारतात ती मोठ्या प्रमाणावर दिसू लागली २०२० नंतर. त्या वर्षी एमजी ग्लॉस्टर आली, २०२१ मध्ये एमजी ॲस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही ७००, २०२२ मध्ये होंडा सिटीची हायब्रीड आवृत्ती. पुढची गाडी थांबली तर आपोआप ब्रेक लावणे, पुढच्या गाडीपासून ठरावीक अंतर राखत वेग सांभाळणे, रेघांच्या मधोमध गाडी ठेवायला स्टिअरिंगला हलका हात देणे ही तिची मुख्य कामे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. आपल्याकडच्या या गाड्या फार तर दुसऱ्या पायरीवर आहेत. दुसऱ्या पायरीचा अर्थ स्पष्ट आहे: गाडी कितीही मदत करो, रस्त्यावर नजर ठेवण्याची आणि जे घडेल त्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची. 'साहाय्य' हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. जाहिरातींत तो फार बारीक अक्षरांत असतो.

पडद्यावरील वाक्यांतली क्रियापदे आणि विशेषणे नीट पाहिली तर त्यांत चार वेगवेगळ्या अवस्था दिसतात, आणि आपण त्या चौघींना एकाच 'एरर' या शब्दात कोंबतो. 'ऑफ' म्हणजे कोणीतरी ती सोय बंद केली आहे. चालकाने, किंवा चुकून बटण दाबणाऱ्या मुलाने. 'टेंपररिली अनअव्हेलेबल' म्हणजे यंत्र धड आहे, पण या क्षणी त्याला काम करण्याजोगी परिस्थिती नाही. 'ब्लॉक्ड' किंवा 'लिमिटेड' म्हणजे समोर काहीतरी आडवे आले आहे. 'फॉल्ट', 'मालफंक्शन', 'सर्व्हिस रिक्वायर्ड' म्हणजे यंत्राने स्वतःची तपासणी केली आणि त्याला स्वतःतच काही चुकते आहे असे आढळले. मराठीत या भेदांसाठी शब्द आयते आहेत: बंद, खंड, अडथळा, बिघाड. खंड आपोआप सरतो, अडथळा आपण दूर करायचा असतो आणि बिघाडासाठी कारागीर लागतो. एवढा फरक कळला तरी सर्व्हिस सेंटरच्या निम्म्या फेऱ्या वाचतात, असा माझा अनुभव आहे.

आता अडथळ्याकडे येऊ, कारण सर्वाधिक इशारे तिथूनच येतात. या गाड्यांना पाहण्यासाठी मुख्यतः दोन साधने असतात. एक कॅमेरा, पुढच्या काचेच्या आत, आरशाच्या मागे. तो रेघा, माणसे, गाड्यांचे आकार ओळखतो. दुसरे रडार, बहुधा पुढच्या जाळीत, कंपनीच्या चिन्हामागे किंवा बंपरच्या खालच्या भागात. ते अंतर आणि वेग मोजते. काही गाड्यांत नुसताच कॅमेरा असतो. बंपरवरची गोल बटणे मात्र वेगळी. ती ध्वनिलहरींची, गाडी लावताना पीं-पीं करणारी.

कॅमेऱ्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही बहुधा दिसत नसते. ग्वाल्हेरच्या बाजूला पौषातल्या धुक्यात, किंवा पावसाळ्यात चोर्ला घाटात ढग रस्त्यावर उतरतात तेव्हा 'कॅमेरा अनुपलब्ध' हे वाक्य उमटले तर ती यंत्राची प्रामाणिक कबुली समजावी. संध्याकाळी बेळगावहून पणजीकडे उतरताना सूर्य थेट काचेत येतो, तेव्हाही हेच. वैशाखात दुपारभर उन्हात उभी केलेली गाडी सुरू करताच हा संदेश दिसतो, कारण काचेमागे कॅमेरा तापलेला असतो. एसीने काच निवली की तो जातो. पण काही अडथळे आपण स्वतः चिकटवतो. टोलचा फास्टॅग काचेवर आरशाच्या मागे, मधोमध लावण्याची पद्धत आहे, आणि कॅमेराही नेमका तिथेच असतो. घाईत लावणाऱ्याने तो दोन बोटे सरकवून कॅमेऱ्याच्या चौकटीत नेला की संपले. डॅशबोर्डवरच्या चकचकीत मूर्तीचे प्रतिबिंब काचेत पडते, तेही कॅमेरा पाहतो. काच आतून पुसली जात नाही, हा आणखी एक सार्वत्रिक प्रकार. बाहेरून चकाचक आणि आतून धुरकट. वायपरचे रबर झिजले असेल तर पावसात नेमक्या कॅमेऱ्यासमोर पाण्याचा पट्टा उरतो. तीनशे-चारशे रुपयांचे रबर बदलून हजारोंच्या यंत्राचा 'बिघाड' गेलेला मी पाहिला आहे.

रडारची गोष्ट वेगळी. ते ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडते. त्या लहरींची लांबी सुमारे चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याहून किंचित कमी. धुके, अंधार यांची तिला फारशी पर्वा नसते. पाण्याचा सलग थर आणि ओला चिखल मात्र तिला अडवतात. आमच्या भागातली तांबडी माती पावसाळ्यात पुढच्या जाळीवर लिंपण घातल्यासारखी बसते. गाडी थांबवून ओल्या फडक्याने चिन्हाची जागा पुसली की दोन-चार किलोमीटरांत संदेश नाहीसा होतो. दसऱ्याला वाहनपूजा होते, झेंडूचा भरघोस हार जाळीवरून बंपरपर्यंत लोंबतो. ओल्या फुलांतले पाणी रडारच्या लहरी शोषते आणि परतवते. त्या संध्याकाळी स्टाफरूमच्या व्हॉट्सॲप गटावर पडद्याचे फोटो हमखास येतात. हार बाजूने बांधावा, पूजेत काही कमी होत नाही. लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनीही चिन्हासमोरची जागा तेवढी मोकळी सोडावी.

हार दुसऱ्या दिवशी निघतो. बाजारातून लावून घेतलेला लोखंडी गार्ड निघत नाही. बंपरपुढे लावायच्या या बुल-बारवर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले, ते पादचाऱ्यांच्या आणि आतल्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी. रडार असलेल्या गाडीत तो गार्ड डोळ्यासमोर धरलेल्या काठीसारखा आहे. अपघातानंतर बंपर लांबी भरून रंगवला असेल, तर लांबीचा जाड थर आणि रंगातले धातूचे कण हेही रडारला मंद करतात. रंगाऱ्याला हे ठाऊक असेल असे धरून चालू नये.

इथवर अडथळ्याचे झाले. बिघाडाचे वाचन अधिक कठीण, कारण इथे तक्रार करणारा एक असतो आणि आजारी दुसराच. समजा, पुढच्या डाव्या चाकाजवळचा वेग मोजणारा सेन्सर निकामी झाला. खड्ड्यांत आणि पाण्यात तो नेहमी भिजतो, त्याची तार तुटते. पडद्यावर काय दिसते? एबीएसचा दिवा, गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा, चढावरच्या मदतीचा संदेश, स्वयंचलित ब्रेक अनुपलब्ध, अंतर राखणारा क्रूझ अनुपलब्ध. पाच संदेश, आणि मालकाच्या छातीत धस्स. प्रत्यक्षात या सगळ्या सोयी चाकांच्या वेगाच्या एकाच माहितीवर उभ्या आहेत. ती माहिती थांबली की एकेक जण हात वर करतो. कॅमेरा आणि रडार दोन्ही ठणठणीत असतात. इथे चुकीचे वाचन महाग पडते: 'ॲडास गेले' म्हणून रडार बदलायला निघालेले लोक मला माहीत आहेत.

स्टिअरिंगखाली सोळा पिनांची एक खोबण असते. तिथे वाचक-यंत्र लावले की बिघाडांचे संकेतांक मिळतात. त्यांचे पहिले अक्षर सांगते की प्रकरण कोणत्या खात्याचे: 'पी' इंजिन व गिअरचे, 'सी' ब्रेक-स्टिअरिंग-चाकांचे, 'बी' केबिन व बॉडीचे, आणि 'यू' म्हणजे यंत्रायंत्रांमधल्या संभाषणाचे. 'सी००३५' हा पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचा. 'यू०२३५' म्हणजे क्रूझसाठी अंतर मोजणाऱ्या पुढच्या सेन्सरशी संपर्क तुटला. 'यू'ने सुरू होणारे संकेतांक मला विशेष बोलके वाटतात. त्यांत कोणी 'मी आजारी आहे' म्हणत नाही. 'अमुक जण मला उत्तर देत नाही' एवढेच म्हणतो. उत्तर न देणारा मेलेला असेल, झोपलेला असेल, किंवा मधली तार उंदराने कुरतडली असेल. निवेदकाला जेवढे दिसले तेवढेच तो सांगतो, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगायला नको.

असे 'यू' संकेतांक एकदम आठ-दहा आले तर आधी बारा व्होल्टची साधी बॅटरी तपासावी. चतुर्थीच्या सुट्टीत गाडी दहा-बारा दिवस उभी राहते, सुरू करताना व्होल्टेज क्षणभर खाली येते, आणि उठता उठता एकेक यंत्र दुसऱ्याची गैरहजेरी मांडून मोकळे होते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की यांतले बरेच जातात. वारंवार होत असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे. संकेतांक पुसून देणारे कारागीर जागोजागी आहेत. पण पुसण्याआधी ते लिहून घ्यावेत किंवा त्यांचा फोटो काढावा. पुसल्याने तक्रारीचा कागद जातो, तक्रार राहते. शिवाय पुढच्या कारागिराला सुरुवात कोऱ्या पाटीवरून करावी लागते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळते: संदेशच येत नाही अशी चूक.

दोन वर्षांपूर्वी चोर्ला घाटात पुढच्या टिपरच्या चाकाखालून दगड उडाला आणि माझ्या गाडीची पुढची काच तडकली. एका वर्कशॉपने दुसऱ्या दिवशी नवी काच बसवून दिली. काम सुबक होते, एकही दिवा लागत नव्हता. पुढच्या आठवड्यात बेळगावहून हुबळीच्या महामार्गावर गाडी मार्गिकेच्या मधोमध असताना 'रेघ ओलांडता आहात' असा इशारा येऊ लागला, आणि स्टिअरिंग हलकेच डावीकडे ओढू लागले. मी ती सोय तिथेच बंद केली आणि परतल्यावर वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवरच्या तरुणाने पडदा पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, लाइट तर लागत नाही ना? मग सिस्टिम ओके आहे."

हे वाक्य तो वाईट हेतूने बोलला नाही. दिव्यांच्या काळातला तो तर्क आहे: दिवा नाही म्हणजे दोष नाही. पण कॅमेरा तोच होता, त्याच्या तारा जागच्या जागी होत्या, चित्र स्वच्छ येत होते; त्याच्या दृष्टीने तक्रारीला जागाच नव्हती. बदलली होती ती काच आणि तिच्यावर कॅमेरा टेकण्याचा कोन. आपण किंचित वळून बसलो आहोत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हिशेब साधा आहे. कॅमेरा एका अंशाने जरी बाजूला वळला, तरी शंभर मीटर पुढे ती चूक सुमारे पावणेदोन मीटर होते. आपल्या महामार्गाची मार्गिका साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे एका अंशात अर्धी मार्गिका. शेजारच्या मार्गिकेतला ट्रक आपल्या पुढे आहे असे समजून गाडी ब्रेक लावू शकते. पुढचा ट्रक शेजारी आहे असे समजून लावणारही नाही.

काच बदलल्यावर, कॅमेरा काढून पुन्हा बसवल्यावर, रडारजवळ ठोकर लागल्यावर आणि अनेक गाड्यांत चाकांचे अलाइनमेंट बदलल्यावरही म्हणून पुन्हा जुळवणी करावी लागते. विज्ञानाच्या मराठी लेखनात यासाठी 'अंशशोधन' असा शब्द आहे. तो जड वाटतो खरा, पण या ठिकाणी अक्षरशः चपखल बसतो: अंशच शोधायचा आहे. ते दोन प्रकारे होते. एका प्रकारात सपाट जमिनीवर गाडी उभी करून ठरावीक अंतरावर, ठरावीक उंचीवर ठिपक्यांचा किंवा चौकटींचा फलक ठेवतात आणि कॅमेऱ्याला 'सरळ' म्हणजे काय ते दाखवतात. दुसऱ्यात यंत्र जोडून स्पष्ट रेघा असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवतात आणि कॅमेरा चालता चालता शिकतो. काही गाड्यांना दोन्ही लागतात. टायरची हवा सारखी हवी, डिकीत सामान नको, जमीन उतरती नको. रस्त्याकडेला काच बसवून देणाऱ्याकडे हे होणे शक्य नाही, आणि तो होते म्हणाला तर फलक दाखव म्हणावे.

माझ्या गाडीचे अंशशोधन शेवटी दुसऱ्या गावी झाले. आता मी ओळखीच्यांना एवढेच सांगते: काच बदलण्याआधीच विचारा की कॅमेऱ्याचे अंशशोधन कोण करणार, बिलात ती ओळ वेगळी मागा, आणि झाल्यावरचा अहवाल छापून घ्या. विम्याचा दावा असेल तर ती ओळ सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच यायला हवी. नंतर घालायला गेलात की वाद सुरू होतो.

जे बिघाडही नाही आणि अडथळाही नाही असेही काही असते, ती यंत्राची मर्यादा. तिचाही संदेश येत नाही. रेघा पुसट असलेल्या रस्त्यावर मार्गिका राखण्याची सोय गप्प बसते. बहुतेक गाड्यांत ती ताशी सुमारे ६० किलोमीटरच्या खाली तशीही जागी नसते. वळणाऱ्या रिक्षाला पाहून अनावश्यक ब्रेक लागतो, मागचा दुचाकीस्वार शिव्या घालतो. पण सर्वांत जपण्याजोगी मर्यादा उभ्या वाहनाची आहे. रडार हलत्या वस्तूंचा वेग अचूक मोजते. मात्र रस्त्यालगतचे फलक, पुलाचे कठडे, वरून गेलेली कमान या साऱ्या स्थिर वस्तूंचेही प्रतिध्वनी त्याला मिळतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून वेगात असताना स्थिर प्रतिध्वनींना कमी महत्त्व देण्याची रचना अनेक प्रणालींत असते. रात्री महामार्गावर मागचे दिवे न लावता उभा केलेला ट्रक त्याच गाळणीतून निसटू शकतो. अशा ट्रकसमोर यंत्र थांबले नाही तर गाडी तपासणाऱ्याला कदाचित एकही संकेतांक सापडणार नाही.

परिभाषेच्या तासाला मी तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना या इशाऱ्यांची मराठी वाक्ये करायला दिली होती. शब्दशः भाषांतर सर्वांना जमले: 'पुढील कॅमेरा तात्पुरता अनुपलब्ध.' नोकरी सांभाळून शिकणारा, रात्री टॅक्सी चालवणारा एक मुलगा मात्र वेगळे लिहून आला: 'कॅमेऱ्याला दिसत नाही. काच पुसा. आता ब्रेक तुम्हालाच लावायचा आहे.' वर्गात चर्चा झाली, तेव्हा काहींना ते फार लांब वाटले, काहींना उद्धट. मला त्यातले तिसरे वाक्य मोलाचे वाटते. इंग्रजी संदेश यंत्राची अवस्था सांगतो आणि थांबतो. चालकाच्या हातून नेमके काय गेले ते सांगत नाही. 'कॅमेरा अनुपलब्ध' वाचणाऱ्या किती जणांना कळते की या घटकेला स्वयंचलित ब्रेकही अनुपलब्ध आहे? माझ्या गाडीच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. ती आली तर हे भाषांतर कोणी मोटार चालवणाऱ्याकडून तपासून घ्यावे.

तोवर मराठी वापरायची एक जागा आपल्या हातात आहे. गाडी देताना वर्कशॉपमध्ये एक कागद भरतात, त्यावर ग्राहकाच्या तक्रारीसाठी दोन-तीन ओळी असतात. काउंटरवरचा माणूस विचारतो, आपण म्हणतो "सेन्सरचा प्रॉब्लेम आहे", तो लिहितो 'ॲडास चेक'. कारागिराला यातून काही मिळत नाही. तो यंत्र जोडतो, जुने संकेतांक पुसतो आणि गाडी परत देतो. त्याऐवजी संदेशाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ, ऊन की पाऊस, वेग किती, रेघा होत्या का, गाडी बंद करून सुरू केल्यावर गेला का, आणि त्याआधीच्या महिन्याभरात काच, बॅटरी, टायर, बंपर यांपैकी कशाला हात लागला होता का, एवढे लिहून न्यावे. बेळगावात आणि फोंड्यातही कारागीर मराठी वाचतात. गेल्या खेपेला मी असाच अर्धा पान मजकूर नेला. काउंटरवर तो कोणी वाचला नाही, पण आतल्या मिस्त्रींनी वाचला, आणि 'टायर बदलल्यापासून' या दोन शब्दांवर बोट ठेवून आधी चाकाकडे वळले.